राहिला, की ठेवला गेला? हॉल ऑफ फेमच्या वादातली 'निष्ठा'

एखादा फुटबॉलपटू चौदा-पंधरा हंगाम एकाच क्लबात काढतो. नावावर मोठा करंडक नाही, देशाकडून बोलावणं नाही, गोलांची रास नाही. निवृत्तीनंतर काही वर्षांनी क्लब आपल्या हॉल ऑफ फेमसाठी, म्हणजे मानाच्या खेळाडूंच्या दालनासाठी, नावं मागवतो, त्यात हे नाव निघतं आणि चाहत्यांत सरळ दोन तट पडतात. एक तट म्हणतो, संघ खालच्या विभागात घसरला तेव्हाही सोडून गेला नाही, आणखी काय हवं? दुसरा विचारतो, त्याला न्यायला आलं होतं कोण? प्रश्न खवचट आहे, पण बिनबुडाचा नाही. 'सोडून गेला नाही' या तीन शब्दांचा अर्थ फुटबॉलच्या इतिहासात निदान तीनदा बदलला आहे.

हॉल ऑफ फेम ही कल्पना मुळात खेळातली नाही. म्युनिकमध्ये १८५३ साली आणि न्यूयॉर्कमध्ये १९०० साली थोरांचे पुतळे मांडून अशी दालनं उभी राहिली. खेळात ती रुजली बेसबॉलमुळे: अमेरिकेतल्या कूपर्सटाउन गावच्या बेसबॉल दालनाची पहिली निवड १९३६ ची, इमारत उघडली १९३९ साली. तिथे पत्रकारांची ७५ टक्के मतं लागतात आणि किमान दहा हंगाम खेळलेले असावे लागतात. कौशल्य, सचोटी, खिलाडूवृत्ती, संघासाठीचं योगदान, सगळं निकषांत आहे. एकाच संघाशी चिकटून राहण्याची अट मात्र नाही. फुटबॉलकडे हा प्रकार फार उशिरा आला. इंग्लंडचा राष्ट्रीय हॉल ऑफ फेम २००२ चा, स्कॉटलंडचा २००४ चा, आणि क्लबांनी आपापली दालनं थाटण्याची लाट साधारण याच सुमाराची. म्हणजे दालनं एकविसाव्या शतकातली आणि त्यात बसवायची माणसं बरीचशी विसाव्या शतकातली. गोंधळाचं मूळ इथेच आहे.

इंग्लिश लीगमध्ये १८९३ पासून खेळाडूची नोंदणी क्लबच्या ताब्यात असे. करार एका हंगामाचा. हंगाम संपला की क्लब यादी काढायचा: अमुक 'राखून ठेवले', अमुक 'विक्रीला', अमुक 'मोकळे'. राखून ठेवलेल्या खेळाडूला क्लबने देऊ केलेला पगार पसंत नसेल, तर तो सही नाकारू शकत होता; पण मग क्लबने त्याला एक पैसा देणं बंधनकारक नव्हतं आणि लीगमधल्या दुसऱ्या कुठल्याही संघाकडून त्याला खेळता येत नव्हतं. करार संपलेला, पगार बंद, आणि तरीही माणूस क्लबचाच. त्यावर १९०१ पासून पगाराची कमाल मर्यादा आली, आठवड्याला ४ पौंड. ती वाढत वाढत २० पौंडांपर्यंत गेली आणि जानेवारी १९६१ मध्ये सुटली. तोवर मोठ्या क्लबात गेलं तरी अधिकृत पगार तोच. मग जायचं कशाला, आणि जायचं म्हटलं तरी सोडणार कोण?

या काळातल्या खेळाडूला 'निष्ठावंत' म्हणताना जीभ जरा अडखळायला हवी. ती कुणाची अडखळत नाही.

इंग्लंडमधल्या प्रेस्टन क्लबचा विंगर, म्हणजे कडेने चढाई करणारा खेळाडू, टॉम फिनी हे त्याचं ठळक उदाहरण. नळकामाचा धंदा शिकलेला, म्हणून 'प्लंबर' हीच त्याची ओळख. देशाकडून ७६ सामने, क्लबकडून लीगचे ४३३ सामने आणि १८७ गोल. लीग विजेतेपद नाही, एफए कप नाही. १९५२ मध्ये पालेर्मो या इटालियन क्लबकडून मागणी आली: सही करताच १०,००० पौंड, महिना १३० पौंड, वर बंगला आणि गाडी. इंग्लंडमध्ये तेव्हा कमाल पगार आठवड्याला १४ पौंड होता, म्हणजे पगारच दुपटीहून जास्त. तो आपल्या क्लबच्या अध्यक्षांकडे विचारायला गेला. उत्तर आलं ते थोडक्यात असं, की आमच्याकडे खेळायचं नसेल तर कुठेच खेळायचं नाही. तो परतला आणि १९६० पर्यंत तिथेच खेळला. २००२ साली राष्ट्रीय हॉल ऑफ फेमच्या पहिल्याच तुकडीत त्याची निवड झाली, आणि ते दालन ज्या फुटबॉल संग्रहालयात होतं, ते तेव्हा होतं त्याच्याच क्लबच्या मैदानावर. त्याच्या खेळाबद्दल शंका घेणारा वेडाच म्हणायचा. पण त्याच्यावरच्या लेखांत 'आयुष्यभर एकाच क्लबशी निष्ठा' हे वाक्य हटकून येतं आणि अध्यक्षांच्या खोलीतला तो नकार बऱ्याचदा गंमतीदार किस्सा म्हणून खाली टाकला जातो. माझ्या मते मुख्य बातमी तो नकारच आहे.

त्यातही गंमत अशी, की 'एका क्लबचा' हे बिरुदसुद्धा काटेकोर नाही. निवृत्तीनंतर तीन वर्षांनी, सप्टेंबर १९६३ मध्ये, वयाच्या ४१ व्या वर्षी तो बेलफास्टच्या एका संघाकडून युरोपियन कपात उतरला. समोर पोर्तुगालचा बेनफिका. सामना ३-३ सुटला. एका सामन्याने बिरुद जातं का? बहुतेक जण म्हणतील, छे. मग किती सामन्यांनी जातं?

मोजणीचंही तसंच. त्याची लीगमधली पहिली अधिकृत नोंद १९४६ ची, वय २४. त्याआधी १९४१ साली तो युद्धकाळातला कप अंतिम सामना खेळला होता, तोही याच क्लबकडून. पण युद्धातले सामने अधिकृत आकड्यांत धरत नाहीत. इंग्लिश लीगमध्ये बदली खेळाडू आले १९६५-६६ च्या हंगामापासून. तेव्हापासून नोंदवहीत आकड्यापुढे अधिकचं चिन्ह टाकून दुसरा आकडा येतो आणि शेवटची चार मिनिटं धावून आलेला माणूसही 'सामना खेळला' ठरतो. '४०० सामने झाले की थेट प्रवेश' असा नियम करायचा तर हे ४०० कोणते, हे आधी ठरवावं लागतं. स्कॉटलंडने राष्ट्रीय संघापुरता हा घोळ १९८८ मध्ये मिटवला: ५० आंतरराष्ट्रीय सामने झाले की पदक आणि तसबीर, चर्चा नाही. क्लबांना इतका कोरडेपणा झेपत नाही.

जॉर्ज ईस्टहॅम या खेळाडूच्या खटल्यात १९६३ साली लागलेल्या निकालाने 'राखून ठेवण्या'चा भाग अन्यायकारक ठरवला. १९७८ मध्ये करार संपल्यावर जाण्याची मोकळीक मिळाली, जरी रक्कम मोजावी लागत होती. डिसेंबर १९९५ मध्ये युरोपीय न्यायालयाचा बॉसमन निकाल आला आणि करार संपल्यावर ही रक्कमही उरली नाही. ज्याला निष्ठा म्हणता येईल अशी गोष्ट खऱ्या अर्थाने यानंतरची, कारण जाण्याचं दार उघडं असल्याशिवाय राहण्याला वजन येत नाही.

दरम्यान परतफेडीची एक जुनी रीत होतीच. आधी पाच वर्षांनंतरचा 'बेनिफिट', पुढे दहा वर्षांनंतरचा टेस्टिमोनियल सामना: तिकिटाचे पैसे खेळाडूला. निष्ठेवर हॉल ऑफ फेममध्ये जागा देण्याला विरोध करणारे हाच मुद्दा काढतात, की सेवेचा हिशेब तेव्हाच चुकता झाला, आता दालनात जागा खेळावर मिळावी. तो पटण्यासारखा होता तो पगार तुटपुंजा होता तोवर. एप्रिल २०१७ पासून ब्रिटनमध्ये अशा सामन्याच्या उत्पन्नावर, पहिले १,००,००० पौंड सोडून, करही लागतो; आणि आता कितीतरी खेळाडू ती रक्कम सरळ धर्मादाय संस्थांना देऊन टाकतात.

स्पेनमधल्या बिल्बाओच्या क्लबने २०१५ मध्ये एकाच क्लबात कारकीर्द घालवणाऱ्यांसाठी वेगळा पुरस्कारच सुरू केला. पहिला मानकरी इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टन क्लबचा मॅट ल टिसिए. १९८६ ते २००२ तिथे, मोठा करंडक एकही नाही. त्या क्लबातून बाहेर पडल्यावर तोही एका छोट्या बिगर-लीग संघाकडून थोडा खेळला होता. पुरस्कार देणाऱ्यांनी तिकडे काणाडोळा केला आणि ते बरोबरच केलं. त्याला मागणी होती, दार अर्धंअधिक उघडं होतं, तो गेला नाही. 'न्यायला आलं होतं कोण' या प्रश्नाला त्याच्याकडे उत्तर आहे. पंधरा हंगाम काढलेल्या साध्या बचावपटूकडे ते बहुधा नसतं, आणि म्हणूनच त्याच्या नावावर भांडण होतं.

आजच्या करारांत तर निष्ठेचं कलमच असतं. क्लबात टिकून राहिल्याबद्दल ठरावीक रक्कम हप्त्याहप्त्याने मिळते, तिला 'लॉयल्टी बोनस' म्हणतात. खेळाडूने क्लब बदलण्याचा लेखी अर्ज दिला तर उरलेल्या हप्त्यांवर पाणी सोडावं लागतं. साहजिकच जायचं असलं तरी अर्ज कुणी देत नाही. एजंट फोन फिरवतो, बातमी फुटते, आणि विकण्याचा निर्णय कागदोपत्री क्लबचा ठरतो. पुढे पंधरा-वीस वर्षांनी निवड समिती जुनी फाइल उघडून पाहील, की याने कधी क्लब सोडायची इच्छा दाखवली होती का. जुन्या फायलींत निदान 'राखून ठेवले' असं लिहिलेली यादी सापडते. या फाइलमध्ये काहीच नसेल.