फील्ड रिकामं चालणं आणि फील्ड नसणं चालणं

पायडँटिक या पायथनच्या डेटा तपासणाऱ्या लायब्ररीत, मॉडेलमधल्या फील्डच्या टाइपपुढे ‘| नन’ (‘किंवा काहीच नाही’) लावलं की फील्ड ऐच्छिक झालं, असं धरून चालणारे लोक बेळगावातल्या उद्यमबागच्या कास्टिंगच्या स्टॉकपासून चिक्कोडीकडच्या ऊस नोंदणीपर्यंत सगळीकडे सापडतात. फील्ड ऐच्छिक झालेलं नसतं. मग ते फील्ड नसलेली पहिली विनंती आली की ‘फील्ड रिक्वायर्ड’ अशी एरर आणि लायब्ररीच्या नावानं शिमगा.

डीफॉल्ट म्हणजे काय हे सगळ्यांना ठाऊक आहे, त्यावर वेळ घालवत नाही. पायथनच्या स्वतःच्या डेटाक्लासमध्ये (डेटा ठेवायच्या साध्या क्लासमध्ये) डीफॉल्टवाल्या फील्डखाली बिनडीफॉल्टचं फील्ड टाकलं तर टाइपएरर येतो आणि पायडँटिकला त्या क्रमाचं काही पडलेलं नसतं, एवढं लक्षात ठेवलं तरी पुरे.

घोळ पुढे आहे. आलेल्या डेटात फील्डचं जे नाव असतं ती त्याची ‘की’ (key). ती आली तर तिच्यात काय चालेल, हे टाइप सांगतो. ती आलीच नाही तर काय धरायचं, हे डीफॉल्ट सांगतो. हे दोन वेगळे प्रश्न आहेत, म्हणून जोड्या चार होतात. उसाची नोंद घ्या (डेट म्हणजे तारीख, स्ट्र म्हणजे स्ट्रिंग, साधा मजकूर):

नोंदणी: डेट
तोडणी: डेट | नन
शेरा: स्ट्र | नन = नन
हंगाम: स्ट्र = "2025-26"

नोंदणीची कीही हवी आणि तारीखही हवी. तोडणीची की हवीच, पण ऊस अजून उभा असेल तर जेसनमध्ये, म्हणजे डेटा ज्या रूपात येतो त्यात, सरळ नल (पायथनचं नन) पाठवता येतो. शेरा गाळा किंवा नल पाठवा, दोन्ही चालतं. हंगाम गाळला तर डीफॉल्ट लागतो, नल पाठवला तर मात्र ‘इनपुट शुड बी अ व्हॅलिड स्ट्रिंग’.

जून 2023 मध्ये पायडँटिकची दुसरी आवृत्ती आली. त्याआधीच्या पहिल्या आवृत्तीत तोडणीसारखं फील्ड गुपचूप शेऱ्यासारखं वागायचं. समज तिथूनच रुजलाय.

आता सगळ्यात वाईट सवय: ‘तोडणी: डेट = नन’. पायडँटिक डीफॉल्ट तपासत नाही, ‘तपास’ असं वेगळं सांगावं लागतं. त्यामुळे की गाळली तर हे बिनबोभाट पास होतं, आणि कुठेतरी लांब तोडणीचं वर्ष काढताना ॲट्रिब्यूटएरर येतो. उलट कुणी प्रामाणिकपणे नल पाठवला तर तो नाकारला जातो. दोन्हीकडून मार.

‘मग सगळीकडेच = नन लावू की’ हा उपाय तर मुळीच करू नका. पायडँटिक अनोळखी की मुकाट्यानं टाकून देतो. कोल्हापूरकडच्या फॉर्ममध्ये की ‘तालुका’ असते, कर्नाटकातल्या फॉर्ममध्ये ‘तालुक’. मॉडेलमध्ये ‘तालुका: स्ट्र | नन = नन’ असेल आणि आली ‘तालुक’, तर खानापूर, हुक्केरी, अथणी सगळं गायब, आणि एरर एकही नाही. डीफॉल्ट काढा, चूक पहिल्याच नोंदीला बोंबलेल. सोबत मॉडेलच्या सेटिंगमध्ये, मॉडेल_कॉन्फिगमध्ये, एक्स्ट्रा='फॉर्बिड' ठेवा, म्हणजे अनोळखी की नाकारली जाते. बाहेरून येणाऱ्या डेटाला हे हवंच. दोन्ही नावं खरोखरच येणार असतील तर एलियसचॉइसेसमध्ये (एकाच फील्डच्या पर्यायी नावांच्या यादीत) दोन्ही लिहा.

सगळीकडे ‘= नन’ शोभतं ते एकाच जागी, अर्धवट बदलाच्या मॉडेलमध्ये. शेतकऱ्यानं ॲपवर फक्त फोन बदलला तर फक्त फोनच येतो. तिथे मॉडेलची सगळी फील्ड्स बाहेर काढणारं नुसतं मॉडेल_डंप() डेटाबेसमध्ये ओतलं तर न आलेल्या बँक खात्याच्या जागी नन बसतं आणि उसाचं बिल अडकतं. मॉडेल_डंप(एक्स्क्लूड_अनसेट=ट्रू) वापरा: पाठवलेलं तेवढंच येतं, मुद्दाम पाठवलेला नलसुद्धा. नेमकं काय आलं होतं ते मॉडेल_फील्ड्स_सेटमध्ये दिसतं.

एक्सेलमधून काढलेल्या सीएसव्हीचा रिकामा रकाना या कशातच बसत नाही. तो नल नसतो आणि गाळलेलाही नसतो, ती रिकामी स्ट्रिंग असते. शेरा ती आनंदानं गिळतो, तोडणीची तारीख नाकारते. टाइप तपासण्याआधी चालणाऱ्या ‘बिफोर’ व्हॅलिडेटरमध्ये तिचं नन करून घ्या, आणि तेही एका सामायिक बेस मॉडेलमध्ये, प्रत्येक फील्डवर चिकटवत बसू नका.