आतड्याच्या वेगवेगळ्या भागांतल्या रोगप्रतिकारक पेशी

आतड्याच्या अस्तरात आणि त्याच्या लगतच्या थरात टी पेशी, बी पेशी, मॅक्रोफेज, डेंड्रायटिक पेशी अशा रोगप्रतिकारक पेशी भरपूर असतात, पण त्या सगळीकडे सारख्या नसतात आणि हीच गोष्ट बऱ्याचदा विसरली जाते. लहान आतड्याच्या सुरुवातीला अन्न भरपूर आणि बॅक्टेरिया कमी, तर मोठ्या आतड्यात एका ग्रॅममागे साधारण १०० अब्ज बॅक्टेरिया, मग दोन्हीकडचा बंदोबस्त एकसारखा कसा असेल?

लहान आतड्यात अस्तराच्या पेशींच्या मधोमध घुसून बसलेल्या टी पेशी खूप दिसतात, मोठ्या आतड्यात त्या बऱ्याच कमी. पायर्स पॅचेस (आतड्याच्या भिंतीतले रोगप्रतिकारक पेशींचे पुंजके, योहान पायर यांनी १६७७ मध्ये वर्णन केलेले) लहान आतड्याच्या शेवटच्या भागात जास्त असतात, तिथे बी पेशी आयजीए अँटीबॉडी (जंतूंना चिकटून त्यांना अडवणारं प्रथिन) बनवण्यासाठी तयार होतात. आयजीए दोन्ही आतड्यांत असतंच, फक्त मोठ्या आतड्यात आयजीए२ चा वाटा वाढतो, कारण हा प्रकार बॅक्टेरियाच्या एन्झाइम्सनी सहजासहजी तुटत नाही.

रेग्युलेटरी, म्हणजे इतर रोगप्रतिकारक पेशींना आवर घालणाऱ्या, टी पेशींचं तर फारच सुंदर आहे. उंदरांमध्ये असं दिसलंय की लहान आतड्यात त्यातल्या बऱ्याच पेशी अन्नातल्या प्रथिनांमुळे तयार होतात आणि मोठ्या आतड्यात बॅक्टेरियामुळे, म्हणजे काम एकच, आपल्याच शरीराला उगाच भडकू न देणं, पण शिकवणारे वेगळे. आणि कुठली पेशी कुठे जाणार हेही बऱ्यापैकी ठरलेलं असतं: व्हिटॅमिन ए पासून बनणाऱ्या रेटिनोइक अ‍ॅसिडमुळे टी पेशींवर सीसीआर९ रिसेप्टर (पेशीवरचं, संकेत ओळखणारं प्रथिन) येतो आणि त्या लहान आतड्याकडे वळतात, मोठ्या आतड्यासाठी जीपीआर१५ हा रिसेप्टर महत्त्वाचा. लिम्फ (ऊतींमधून वाहून जाणारा, रोगप्रतिकारक पेशी असलेला द्रव) सुद्धा वेगवेगळ्या भागांतून वेगवेगळ्या लिम्फ नोड्सकडे, म्हणजे रोगप्रतिकारक पेशींच्या गाठींकडे, जातं.

इओसिनोफिल पेशी (पांढऱ्या रक्तपेशींचा एक प्रकार) निरोगी आतड्यात असतात, अन्ननलिकेच्या अस्तरात मात्र जवळपास नसतातच, तिथे खूप दिसल्या तर डॉक्टर लगेच सावध होतात. आजारही जागा धरूनच येतात: सीलिअ‍ॅकचा (ग्लूटेनमुळे होणाऱ्या आजाराचा) त्रास मुख्यतः लहान आतड्याच्या वरच्या भागात, क्रोन्स (आतड्याला सूज आणणारा आजार) बऱ्याचदा लहान आतड्याच्या टोकाला, अल्सरेटिव्ह कोलायटिस (मोठ्या आतड्याला सूज आणि व्रण आणणारा आजार) बहुतेक वेळा गुदाशयापासून वर सरकत जातो. म्हणून बायोप्सी (तपासणीसाठी काढलेला छोटा तुकडा) नेमकी कुठून घेतली हे रिपोर्टमध्ये लिहिणं फार गरजेचं आहे, नाहीतर एका जागी नॉर्मल असलेली पेशींची संख्या दुसऱ्या जागी आजार वाटू शकते.