थंड इंजिनाची थरथर

‘थंडीत पेट्रोल घट्ट होते, म्हणून गाडी थरथरते’ हे स्पष्टीकरण इतक्या वेळा आणि इतक्या ठामपणे ऐकू येते की ते खोडून काढण्याचा मोह आवरत नाही. पेट्रोल शून्य अंशालाच काय, उणे तीस अंशांनाही पातळच असते. घट्ट होते ते डिझेल, कारण त्यातील मेण थंडीत वेगळे होऊन फिल्टरमध्ये अडकते. आणि घट्ट होते ते इंजिन ऑइल. पेट्रोलची अडचण वेगळीच आहे. थंडीत ते द्रवच राहते, आणि द्रव पेट्रोल इंजिनाच्या काहीही उपयोगाचे नसते. ठिणगीने पेट घेते ती पेट्रोलची वाफ.

तक्रारीचे स्वरूप बहुतेक वाहनचालकांच्या परिचयाचे आहे. रात्रभर उभ्या असलेल्या गाडीला सेल मारला की इंजिन सुरू होते, पण आरपीएमचा (इंजिनाच्या मिनिटाला होणाऱ्या फेऱ्यांचा) काटा एका जागी ठरत नाही, स्टीअरिंगला हाताला जाणवतील असे हिसके बसतात आणि सायलेन्सरचा आवाज मधूनच एखादा ठोका गाळतो. मेकॅनिकच्या भाषेत गाडी ‘मिसिंग’ करते. चार-पाच मिनिटांत हे सारे आपोआप थांबते. गॅरेजपर्यंत पोहोचेतो इंजिन तापलेले असते, तक्रार दाखवता येत नाही, आणि काहीतरी केल्याचे समाधान म्हणून स्पार्क प्लग बदलले जातात. दुसऱ्या दिवशी सकाळी थरथर पुन्हा हजर असते.

आयडलिंगच्या वेळी, म्हणजे अॅक्सिलरेटर न दाबता इंजिन नुसते चालू असताना, ते किती बारीक हिशेबावर चालते, हे आधी पाहू. दीड लिटरचे, चार सिलिंडरचे इंजिन तापल्यावर साधारण ७५० आरपीएमला फिरते असे धरू. चार-स्ट्रोक इंजिनात प्रत्येक सिलिंडर दोन फेऱ्यांत एकदाच पेटतो, म्हणजे सेकंदाला एकूण २५ ठिणग्या पडतात. आत येणारी हवा कमी-जास्त करणारी थ्रॉटलची झडप जवळजवळ मिटलेली असल्याने इंजिन सेकंदाला जेमतेम दोन-अडीच ग्रॅम हवा ओढते. एक ग्रॅम पेट्रोल पूर्ण जळण्यासाठी सुमारे १४.७ ग्रॅम हवा लागते. त्यावरून भागाकार केला, तर एका ठिणगीच्या वाट्याला सहा-सात मिलिग्रॅम पेट्रोल येते, म्हणजे पाण्याच्या नेहमीच्या थेंबाचा साधारण आठवा हिस्सा. या हिश्शातील थोडे जरी वेळेवर वाफ होऊन पोहोचले नाही, तरी मिश्रण पेट घेत नाही.

याच आकडेमोडीतून निदानाची पहिली खूण हाती लागते. एकच सिलिंडर सतत चुकत असेल, तर ७५० आरपीएमला सेकंदाला सहा हिसके बसतात, आणि थंड इंजिन १,२०० आरपीएमला फिरत असेल तर दहा. ते ठरावीक लयीत येतात. हिसक्यांना लय नसेल, ते कधी एकदम दोन आणि मग बराच वेळ एकही नाही असे येत असतील, तर दोष एका सिलिंडरचा नसून सर्वांच्या सामाईक हवेत किंवा इंधनात शोधावा लागतो. त्यासाठी इंजिनाच्या संगणकातील नोंदी वाचणारा स्कॅनरही लागत नाही, इंजिन सुरू होताच स्टीअरिंगवर हात ठेवून शांत बसावे लागते, एवढेच.

आता वाफेकडे वळू. पेट्रोल हा एक पदार्थ नसून शेकडो हायड्रोकार्बनांचे मिश्रण आहे. त्यातील ब्युटेन शून्य अंशाच्या किंचित खालीच उकळते, पेंटेन ३६ अंशांना, आयसो-ऑक्टेन ९९ अंशांना आणि शेवटचे जड घटक २०० अंशांच्या आसपास. अर्थात उकळबिंदू गाठल्याशिवाय वाफ होतच नाही असे नाही. ओले कपडे १०० अंशांना उकळून वाळत नसतात. पण वाफ होण्याची तयारी तापमानाबरोबर फार झपाट्याने घटते. आयसो-ऑक्टेनचा बाष्पदाब, म्हणजे त्याच्या वाफेचा जोर, २० अंशांना जितका असतो, त्याच्या जेमतेम एक तृतीयांश शून्य अंशाला उरतो. त्यामुळे गार इंजिनात फवारलेल्या पेट्रोलपैकी मुख्यतः हलके घटकच कामास येतात आणि बाकीचे ओलेच राहतात. यावर इंजिनाच्या संगणकाने काढलेला उपाय सरळ आहे: वाफ कमी होते ना, मग पेट्रोलच जास्त फवारायचे. जुन्या कार्ब्युरेटरच्या गाड्यांमधील चोक हवा अडवून हेच साधत असे. थंड प्रदेशांत हिवाळ्यासाठी मुद्दाम जास्त ब्युटेन घातलेले पेट्रोल विकले जाते, तेही याच कारणाने.

मात्र खरी गंमत न उडालेल्या पेट्रोलचे पुढे काय होते यात आहे. बहुतेक इंजिनांत इंजेक्टर हवेच्या नळीत, सिलिंडरमध्ये हवा सोडणाऱ्या इनटेक व्हॉल्व्हच्या पाठीवर पेट्रोल फवारतो. तापलेल्या इंजिनात ती पाठ तव्यासारखी गरम असते आणि थेंब पडताक्षणी उडून जातो. थंड इंजिनात तो तिथेच पसरतो आणि नळीच्या भिंतीवर व व्हॉल्व्हवर पेट्रोलचा पातळ थर साचतो. हा थर म्हणजे संगणकाच्या जमाखर्चातील उधारखाते होय. अभियंते त्याचे वर्णन दोन संख्यांनी करतात: फवाऱ्यातील किती भाग भिंतीला चिकटला तो ‘क्ष’, आणि थरातील पेट्रोल उडून जाण्यास किती वेळ लागतो तो ‘टाऊ’.

समजा, प्रत्येक वेळी १० मिलिग्रॅम पेट्रोल फवारले आणि त्यातील ६ भिंतीला चिकटले. शिवाय थरात जे काही आहे त्याचा दहावा हिस्सा दर वेळी उडून सिलिंडरमध्ये जातो. पहिल्या वेळी थर रिकामा असल्याने सिलिंडरला फक्त ४ मिलिग्रॅम मिळतात. पुढच्या वेळी ४ अधिक ०.६. असे करत करत थरात ६० मिलिग्रॅम साचले की त्याचा दहावा हिस्सा ६ होतो, येणे आणि जाणे सारखे होते आणि सिलिंडरला पूर्ण १० मिळू लागतात. तळाला भोक असलेली बादली नळाखाली ठेवली, तर पाण्याची पातळी एका उंचीवर जाऊन थांबते, तसाच हा प्रकार आहे. पहिल्या सहा-सात फवाऱ्यांत, म्हणजे साधारण एका सेकंदात, तूट निम्मी भरून निघते.

मग तर प्रश्न मिटलाच, असे वाटेल. परंतु हिशेब जुळतो तो काहीही बदलत नसेल तरच, आणि गार इंजिनात एकही गोष्ट स्थिर नसते. भिंत दर सेकंदाला तापत असल्याने ‘क्ष’ आणि ‘टाऊ’ दोन्ही घटत असतात. त्यातच दिवे किंवा पंखा लावला की इंजिनावर भार येतो आणि संगणक थ्रॉटल किंचित उघडतो. नळीतील दाब वाढतो, वाढत्या दाबाला थरातील पेट्रोल उडणे मंदावते, आणि नेमकी जास्त इंधनाची गरज असताना सिलिंडरला कमी मिळते. आरपीएम पडतो. तो सावरला की थ्रॉटल पुन्हा मिटतो, दाब घसरतो, साठलेले पेट्रोल एकदम उडते आणि मिश्रण गरजेपेक्षा दाट होते. काटा वरखाली होतो तो या देवाणघेवाणीमुळे. संगणकात या थराचा अंदाज घेणारे गणित आधीच भरलेले असते आणि निरोगी इंजिनात ते बऱ्यापैकी जुळते. व्हॉल्व्हच्या पाठीवर काजळीचे जाड पुट साचले, तर ते पेट्रोल स्पंजसारखे शोषून धरते, प्रत्यक्षातील ‘क्ष’ व ‘टाऊ’ गणितातल्यांपेक्षा मोठे होतात आणि हिशेब चुकतो. अशी गाडी गार असताना थरथरते, अॅक्सिलरेटर हलकेच दाबताच क्षणभर अडखळते आणि तापल्यावर निर्दोष वागते. थेट सिलिंडरमध्ये फवारणी करणाऱ्या इंजिनांत नळीतला थर नसतो. तिथे पेट्रोल पिस्टनचा माथा ओला करते, आणि व्हॉल्व्हवर पेट्रोलच पडत नसल्याने ते धुतले जात नाहीत व काजळी हवेच्या वाटेत साचते.

जास्त पेट्रोल किती द्यायचे, हे संगणक कूलंटच्या, म्हणजे इंजिन गार ठेवणाऱ्या द्रवाच्या, तापमानावरून ठरवतो. ते मोजणारा सेन्सर म्हणजे थंडीत रोध वाढणारा एक थर्मिस्टर असतो. नेहमीच्या एका प्रकारात २० अंशांना त्याचा रोध सुमारे अडीच हजार ओहम असतो आणि ८० अंशांना तीनशेच्या आसपास. हा सेन्सर बिघडून ‘इंजिन तापलेले आहे’ असे सांगू लागला, तर संगणक जादा फवारा देतच नाही. त्याची तारच तुटली, तर वाचन बहुधा उणे ४० अंश दिसते, जे पाहताक्षणी अशक्य वाटते आणि म्हणून लगेच पकडले जाते. वीसएक अंशांनी चुकणारा सेन्सर अधिक त्रासदायक, कारण तो दोषाचा कोडही देत नाही. त्याला पकडण्याची युक्ती मला फार आवडते: रात्रभर उभ्या गाडीची फक्त चावी फिरवावी, इंजिन सुरू करू नये, आणि स्कॅनरवर कूलंटचे व आत येणाऱ्या हवेचे तापमान शेजारी शेजारी वाचावे. सारी गाडी एकाच तापमानाला आलेली असल्याने दोन्ही आकडे दोन-तीन अंशांच्या फरकाने जुळलेच पाहिजेत. इंजिन एकदा सुरू केले, की ही संधी दुसऱ्या दिवसापर्यंत गेली.

दुसरा संशयित म्हणजे हवेची गळती. रबरी नळ्या आणि गॅस्केट थंडीत आकसतात, कडक होतात, आणि न मोजलेली हवा आत शिरते. आयडलिंगला एकूण हवाच सेकंदाला दोन-अडीच ग्रॅम असल्याने पाव ग्रॅमची गळतीही दहा टक्क्यांची ठरते. वेगात, जेव्हा हवा वीसपट असते, तेव्हा ती नगण्य होते. म्हणून रेस देताच थरथर थांबत असेल, तर नळ्या तपासाव्यात. गाडी तापलेली असताना धुरातील ऑक्सिजन मोजणारा ऑक्सिजन सेन्सर ही तूट ओळखून पेट्रोल वाढवतो, पण सेन्सरमधील झिर्कोनिया हा सिरॅमिक पदार्थ सुमारे ३०० अंशांपर्यंत तापल्याशिवाय काम करत नाही. पहिला काही काळ संगणक अक्षरशः डोळ्यांवर पट्टी बांधून चालवत असतो.

प्लग आणि त्याला ठिणगीची वीज पुरवणारी कॉइल यांचा दोष नसतोच असे मुळीच नाही. थंड, दाट हवेत ठिणगी पाडायला जास्त व्होल्टेज लागते, त्याच वेळी थंडीने बॅटरी अशक्त झालेली असते, आणि ओल्या प्लगवरून वीज भलत्या वाटेने निसटते. एकाच सिलिंडरचा मिसफायर (मिश्रण न पेटणे) नोंदला गेला असेल, तर त्याची कॉइल शेजारच्या सिलिंडरवर बसवून दुसऱ्या सकाळी दोष तिच्याबरोबर सरकतो का, एवढे पाहावे. सरकला नाही, सुरुवातीला पांढरा धूर बराच वेळ टिकला आणि कूलंटची पातळी हळूहळू घटत असेल, तर रात्रीतून कूलंट सिलिंडरमध्ये झिरपत असण्याची शक्यता गंभीरपणे घ्यावी.

थोडी थरथर मात्र मुद्दाम घडवलेली असते. धूर शुद्ध करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर अडीचशे-तीनशे अंशांखाली जवळजवळ निष्क्रिय असतो, म्हणून अनेक गाड्यांत सुरुवातीचा अर्धा-एक मिनिट ठिणगी उशिरा पाडली जाते, जेणेकरून उष्णता पिस्टन ढकलण्याऐवजी सायलेन्सरकडे जावी. त्या काळातला घोगरा आवाज आणि चढा आरपीएम हा आजार नव्हे.

पेट्रोलच्या नळीवर बसवायची चुंबके आणि टाकीत ओतायच्या ‘हिवाळी’ बाटल्या याच थरथरीवर रामबाण म्हणून विकल्या जातात. काही बाटल्यांतील स्वच्छता करणारी रसायने काजळी थोडीफार धुतात, हे मान्य. पण हायड्रोकार्बनांवर चुंबकाचा परिणाम इतका क्षीण असतो की त्याने पेट्रोलचा बाष्पदाब तसूभरही बदलत नाही. चुंबक बसवल्यावर थरथर पाच मिनिटांत थांबली, अशी साक्ष देणाऱ्यांनी चुंबक काढून ठेवूनही एकदा घड्याळ लावून पाहावे.

गाडी गॅरेजला न्यायची तर ती आदल्या संध्याकाळी नेऊन तिथेच ठेवावी, आणि सकाळी मेकॅनिक येईपर्यंत तिला कोणीही सेल मारू नये, असे कागदावर लिहून स्टीअरिंगला चिकटवावे.