समाजमाध्यमे आणि विदेशी प्राणिपालन (ठाणे व नवी मुंबई)

इन्स्टाग्राम, यूट्यूब अशा माध्यमांवर गाजलेल्या चित्रफिती पाहून परदेशी वन्य जातींचे प्राणी घरी आणण्याची प्रवृत्ती. इग्वाना (मोठा सरडा), बॉल पायथन (छोटा अजगर), शुगर ग्लायडर (झाडांवरून तरंगत जाणारा, पिशवी असलेला छोटा सस्तन प्राणी), आफ्रिकी करडा पोपट, मकाव (मोठा रंगीत पोपट), रेड-इअर्ड स्लायडर कासव हे यातले नेहमीचे प्राणी. बोलण्यात या सगळ्यांना मिळून ‘एक्झॉटिक’ म्हणतात. कुठे ऑस्ट्रेलियाचे जंगल आणि कुठे मिसिसिपीचे खोरे. पण घोडबंदर रस्त्यावरच्या किंवा खारघरच्या फ्लॅटमध्ये त्या सगळ्यांच्या वाट्याला एकच काचपेटी किंवा पिंजरा येतो.

रीलमध्ये प्राणी खांद्यावर, सोफ्यावर, पोरांच्या हातात दिसतो. माणसाशेजारी दिसलेला प्राणी पाळण्याजोगा वाटतो, आणि जंगलात तो भरपूर असेल असाही समज होतो. चिंपँझींच्या छायाचित्रांबाबत २०११ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात नेमके हेच आढळले होते. सर्वांत बोलके उदाहरण स्लो लोरिस या आशियातल्या छोट्या, निशाचर, माकडवर्गीय प्राण्याचे. गुदगुल्या केल्यावर दोन्ही हात वर करणाऱ्या लोरिसची चित्रफीत २००९ मध्ये जगभर पसरली आणि ‘मला असाच हवा’ असे कित्येकांनी तिच्याखाली लिहिले. वास्तविक हात वर करणे हा त्याचा बचावाचा पवित्रा. कोपराच्या आतल्या बाजूच्या ग्रंथीतला स्राव लाळेत मिसळला की त्याचा चावा विषारी होतो. चावू नये म्हणून विक्रेते त्याचे दात तोडतात. या जातींच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर २००७ पासूनच, म्हणजे ती चित्रफीत येण्याआधीच, बंदी होती.

इतर प्राण्यांचेही असेच होते. बॉल पायथनला ते नाव मिळाले तेच भ्याल्यावर चेंडूसारखे वेटोळे घालण्यामुळे. रीलमध्ये तो ‘शांत’ ठरतो. कुरवाळताना डोळे मिटणारा इग्वाना अनेकदा सुखावलेला नसतो, त्याला तो स्पर्श टाळायचा असतो. शुगर ग्लायडर घाबरला की करकर असा मोठा आवाज काढतो, पण चित्रफितीवर वरून गाणे चढवलेले असले की तो आवाज कोणाला ऐकूच येत नाही. पाहणाऱ्याच्या मनात क्रौर्य नसते, त्याला तो प्राणी खरोखर आवडलेला असतो. म्हणूनच ही गोष्ट अधिक वाईट वाटते.

रीलमध्ये न दिसणारा दुसरा भाग म्हणजे काळ. हातभर लांबीचा इग्वाना वाढून शेपटीसह दीड मीटरच्या पुढे जाऊ शकतो. त्याला अतिनील किरणांचा दिवा लागतो, तो नसेल तर हाडे मऊ होऊन वाकतात. शुगर ग्लायडर निशाचर आणि कळपाने राहणारा. एकटा ठेवला तर झुरतो, स्वतःलाच इजा करतो. करडा पोपट ४०–५० वर्षे जगू शकतो आणि सोबतीविना पिसे उपटू लागतो. व्हर्टिकल गार्डन लावावे तशी ही शोभा नव्हे.

कायद्याची बाजू गुंतागुंतीची आहे. वन्यजीव (संरक्षण) अधिनियमात २०२२ मध्ये दुरुस्ती झाली, ती १ एप्रिल २०२३ पासून लागू झाली. तिच्यामुळे वन्य जातींच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर नियंत्रण ठेवणाऱ्या ‘साइटिस’ करारातल्या विदेशी जाती चौथ्या अनुसूचीत आल्या, आणि २०२४ च्या नियमांनुसार असे प्राणी बाळगणाऱ्याने ‘परिवेश’ या सरकारी पोर्टलवर नोंदणी करणे बंधनकारक झाले. शुगर ग्लायडर साइटिसच्या यादीत नाही, त्यामुळे ही नोंदणी त्याला लागत नाही. उलट आपला हिरवा राघू पिढ्यान्‌पिढ्या पिंजऱ्यात दिसत आला तरी तो देशी वन्य पक्षी असल्याने पाळणे हा गुन्हाच आहे. भरभराटीसाठी म्हणून विकले जाणारे तारा कासव तर पहिल्या, म्हणजे सर्वाधिक संरक्षणाच्या अनुसूचीत आहे. ते बाळगल्यास किमान तीन वर्षांची कैद होऊ शकते. मकाव चालतो मग राघू का नाही, हा गोंधळ अनेकांच्या मनात प्रामाणिकपणे असतो.

ठाण्यात या हौसेचा भार तलावांवर येऊ शकतो. देवळाच्या सभामंडपात नंदीपुढे दगडी कासव पाहत वाढलेल्या माणसाला कासव घरी असणे शुभ वाटते. रुपयाएवढे स्लायडर मत्स्यालयाच्या दुकानातून येते, काही वर्षांत ताटलीएवढे होते, पाण्याला वास येऊ लागतो. त्याच्या अंगावरचे साल्मोनेला जिवाणू लहान मुलांना आजारी पाडू शकतात. अमेरिकेने चार इंचांहून लहान कासवांची विक्री १९७५ मध्ये बंद केली ती याच कारणाने. मग मासुंदा, उपवन किंवा नेरूळचा तलाव जवळच असतो, आणि पाण्यात सोडले म्हणजे त्याला मोकळे केले अशी समजूत असते. जगातल्या शंभर सर्वांत घातक आक्रमक जातींत या कासवाची गणना आहे. अन्न आणि उन्हाला बसण्याच्या जागा ते स्थानिक कासवांकडून हिरावून घेते. कुठेही वन्य प्राणी आढळल्यास वन विभागाच्या १९२६ या हेल्पलाइनवर कळवता येते. ओळखायची खूण सोपी आहे: काठावरच्या दगडावर मान उंचावून बसलेल्या कासवाच्या डोळ्यामागे लाल पट्टा दिसला, तर ते आपल्या तलावातले नव्हे.