क्लचमधली एअर

नवा स्लेव्ह सिलिंडर बसवला, पाइप आवळला, टाकीत ऑइल भरले, आणि तरीही क्लचचे पेडल भिजलेल्या गादीसारखे खाली जाते व रिव्हर्स टाकताना गिअरबॉक्स करकरतो. मेकॅनिक दोन शब्दांत निदान करतो: ‘एअर धरलीय.’ पाइपात शिरलेली चमचाभर हवा एवढा घोटाळा का करते, हे समजून घेतले की ती काढण्याची रीतही आपोआप उलगडते.

हायड्रॉलिक क्लचमध्ये पेडलला जोडलेला मास्टर सिलिंडर ऑइल ढकलतो आणि गिअरबॉक्सजवळचा स्लेव्ह सिलिंडर त्या ऑइलच्या जोरावर क्लचचा फोर्क, म्हणजे क्लच सोडवणारा दुबोटी दांडा, सरकवतो. बंदिस्त द्रवावरचा दाब सर्व दिशांना सारखाच पोहोचतो, हा पास्कालचा नियम येथे लागू पडतो. नियम आपण शाळेत शिकलेलो असतो; मात्र पाइपात हवा असली तरी तो मोडत नाही, दाब तेव्हाही पोहोचतोच, हे सहसा लक्षात येत नाही. नुकसान होते ते अंतराचे.

समजा, मास्टर सिलिंडरच्या पिस्टनचे क्षेत्रफळ 2 चौरस सेंटिमीटर आहे आणि तो 30 मिलिमीटर सरकतो, म्हणजे 6 घनसेंटिमीटर ऑइल पुढे जाते. स्लेव्हचा व्यास 20 मिलिमीटर असेल, तर त्याचा पिस्टन सुमारे 19 मिलिमीटर सरकतो. आता पाइपात 2 घनसेंटिमीटर हवा अडकली आहे असे धरू. क्लचची स्प्रिंग दाबताना ऑइलवर वातावरणाच्या 20 पट दाब आला, तर रॉबर्ट बॉईलने 1662 मध्ये मांडलेल्या नियमानुसार ही हवा आकसून 0.1 घनसेंटिमीटर उरते. तेवढ्याच दाबाखाली ऑइल मात्र हजारात जेमतेम एक भाग आकसते. हवेने आकसून मोकळी केलेली 1.9 घनसेंटिमीटर जागा भरण्यातच ऑइल खर्ची पडते आणि स्लेव्हच्या वाट्याला 13 मिलिमीटर येतात. क्लच प्लेट सुटण्यासाठी लागणारी फट मुळातच मिलिमीटरच्या अंशाएवढी असते. ती पुरती पडत नाही, प्लेट फ्लायव्हीलला, म्हणजे इंजिनाबरोबर फिरणाऱ्या जड चाकाला, घासत राहते आणि गिअर ओरडतात.

म्हणून एअर काढायची. स्लेव्हवरच्या ब्लीडिंग निप्पलला, म्हणजे सैल केल्यावर ऑइल व हवा बाहेर सोडणाऱ्या पोकळ स्क्रूला, पारदर्शक नळी लावून तिचे टोक बाटलीतल्या ऑइलमध्ये बुडवतात. एक जण आत बसून पेडल सावकाश दाबतो आणि दाबूनच धरतो. दुसरा रिंग पान्याने निप्पल पाव फेरा सैल करतो, ऑइलबरोबर बुडबुडे बाहेर येतात, निप्पल आवळला जातो आणि मगच ‘सोडा’ अशी हाक येते. हा क्रम चुकून पेडल आधी सुटले, तर पिस्टन मागे जाताना निप्पलच्या आट्यांमधूनही हवा आत ओढली जाऊ शकते, आणि तासाभराची मेहनत वाया जाते. पेडल पुष्कळदा खालीच चिकटून राहते; ते हाताने वर ओढावे लागते. घाईने पंप मारत सुटणे मात्र टाळावे, कारण त्याने मोठ्या बुडबुड्याचे बारीक फेसात रूपांतर होते, आणि बुडबुडा जितका बारीक तितका तो वर चढायला आळशी. टाकीतली पातळी खाली गेली, तर वरूनच नवी हवा शिरते, हेही विसरू नये.

पाइपाला वरच्या बाजूला वळण असेल, तर हवा तेथे दडून बसते आणि ऑइल तिच्या खालून निघून जाते. अशा गाडीत उलटी वाट धरणे मला अधिक शहाणपणाचे वाटते: मोठ्या सिरिंजने निप्पलमधून ऑइल हळूहळू वर टाकीकडे ढकलायचे, म्हणजे बुडबुड्यांचा वर जाण्याचा स्वभावच कामी येतो. टाकी तेवढी आधी अर्धी रिकामी करून ठेवावी. हे ऑइल सांडले तर गाडीचा रंग सोलवटून काढते.

ऑइल म्हणजे बहुतेक गाड्यांत डॉट 3 किंवा डॉट 4 ब्रेक ऑइल. ते हवेतला ओलावा शोषते, म्हणून महिनोन्‌महिने उघडी पडलेली बाटली वापरू नये. इंजिन ऑइल तर चुकूनही नको. त्याने सिलिंडरमधली रबरी सील फुगतात.

काम झाल्यावर पेडल पहिल्याच दाबात घट्ट लागले पाहिजे. दोन-तीन वेळा दाबल्यावर घट्ट होत असेल, तर हवा अजून शिल्लक आहे. पण घट्ट लागलेले पेडल दाबून धरले असताना गिअरमधली गाडी हळूच पुढे सरकू लागली आणि बाहेर कोठेही ऑइलचा थेंब दिसत नसला, तर संशय मास्टर सिलिंडरच्या आतल्या सीलवर घ्यावा. तेथे कितीही वेळा एअर काढली तरी सिलिंडर पुन्हा उतरवावाच लागतो.