इम्प्लांट पृष्ठभागाचे जलझोत संस्करण

शरीरात बसवायच्या धातूच्या इम्प्लांटवर अतिउच्च दाबाच्या पाण्याचा झोत सोडून त्याचा पृष्ठभाग हेतुपूर्वक खडबडीत करण्याच्या प्रक्रियेला जलझोत संस्करण म्हणतात. खुब्याच्या कृत्रिम सांध्याचा मांडीच्या हाडात बसणारा दांडा किंवा जबड्यात रोवायचा दंत-इम्प्लांट यांसारख्या, हाडाने कायमचे धरून ठेवावेत अशा भागांसाठी ही प्रक्रिया उपयोगी आहे.

टायटॅनियम आणि जिवंत हाड यांचा थेट जोड जमतो, हे स्वीडनमधील पेर-इंग्वार ब्रोनेमार्क यांच्या कामातून पुढे आले. १९५० च्या दशकात सशांच्या हाडात बसवलेले टायटॅनियमचे कोश त्यांना प्रयोगानंतर सुटे करता येईनात. १९६५ मध्ये त्यांनी माणसाच्या जबड्यात पहिले टायटॅनियमचे दंत-इम्प्लांट बसवले. हा जोड किती लवकर आणि किती घट्ट बसेल, हे बऱ्याच अंशी पृष्ठभागाच्या पोतावर ठरते. काही मायक्रोमीटरच्या खडबडीतपणाला अस्थिपेशी नीट चिकटतात, तर हाड आत वाढून खरोखर अडकून बसावे यासाठी साधारण १०० ते ४०० मायक्रोमीटर रुंदीची विवरे लागतात. हाडाला चिकटवणाऱ्या सिमेंटविना बसवल्या जाणाऱ्या सांध्यांचा सारा भरवसा या पकडीवरच असतो.

असा पोत आणण्याच्या रूढ पद्धतींना प्रत्येकी काही किंमत मोजावी लागते. अॅल्युमिनाच्या (अॅल्युमिनियम ऑक्साइडच्या) कठीण कणांचा मारा केला, तर त्यांतले काही कण मऊ टायटॅनियममध्ये रुतून राहतात आणि पुढे सुटून सांध्याच्या घासणाऱ्या पृष्ठभागांत शिरण्याचा धोका संभवतो. प्लाझ्माच्या, म्हणजे अतितप्त वायूच्या, फवाऱ्याने चढवलेला थर मूळ धातूपासून विलग होऊ शकतो. धातूचे मणी भट्टीत चिकटवण्यासाठी लागणाऱ्या तापमानाला ६ टक्के अॅल्युमिनियम व ४ टक्के व्हॅनेडियम असलेल्या नेहमीच्या टायटॅनियम मिश्रधातूची अंतर्गत रचना भरड होते, आणि वारंवार पडणारा भार सोसण्याची त्याची ताकद घटते. शुद्ध पाण्याच्या झोतात बाहेरचा कण नसतो, निराळा थर नसतो आणि धातू फारसा तापतही नाही. जो खडबडीतपणा मिळतो तो मूळ धातूतच कोरलेला असतो. या पद्धतीचे खरे मोल इथेच आहे.

यासाठी पाणी इंटेन्सिफायर पंपाने (दाब अनेक पटींनी वाढवणाऱ्या पंपाने) ३०० ते ४०० मेगापास्कलपर्यंत दाबून नीलम किंवा हिऱ्याच्या, मिलिमीटरच्या काही दशांश व्यासाच्या छिद्रातून, म्हणजे नोझलमधून, सोडतात. ४०० मेगापास्कलला झोताचा वेग सेकंदाला सुमारे ८५० मीटर, म्हणजे हवेतील ध्वनीच्या वेगाच्या दुपटीहून अधिक असतो. नोझलपासून काही अंतरावर सलग धार फुटून तिचे थेंब होतात, आणि धातूची झीज प्रामुख्याने हे थेंबच घडवतात. प्रत्येक आघाताच्या क्षणी थेंबाखालचे पाणी दबून अत्यल्प काळ प्रचंड दाब निर्माण होतो, मग ते बाजूंना वेगाने पसरते. आरंभी धातू नुसता चेपला जातो. पुढे सूक्ष्म भेगा पडतात, भेगांत घुसलेले पाणी त्या रुंदावते आणि कण निखळतात. पाणी भेगांमधून आडवेही कोरत जात असल्याने काही विवरे तोंडाशी अरुंद आणि आत रुंद होतात. अशा विवरात वाढलेले हाड सहजासहजी उपटून येत नाही.

पंपाचा दाब, नोझलचे अंतर, झोत सरकवण्याचा वेग आणि फेऱ्यांची संख्या यांवर पोत अवलंबून असतो. नोझल फार जवळ धरली तर थेंब तयारच होत नाहीत, फार दूर नेली तर त्यांचा जोर ओसरतो. पाण्यात गार्नेट या कठीण खनिजासारखे अपघर्षक (घासून झिजवणारे कण) मिसळल्यास काम झपाट्याने उरकते, पण त्याचे कण पृष्ठभागात रुततात. म्हणजे ज्या दोषापासून सुटका हवी होती, तोच परत येतो. चेक प्रजासत्ताकातील ओस्त्रावा येथील जिओनिक्स संस्थेतील संशोधकांनी निराळी वाट धरली आहे: श्राव्यातीत कंपनांनी, म्हणजे सेकंदाला सुमारे २०,००० स्पंदांनी, धार तोडली की पुष्कळ कमी दाबातही थेंबांचे आघात मिळतात. इम्प्लांटसाठी वापरला जाणारा कोबाल्ट-क्रोमियम मिश्रधातू मात्र अशा झिजेला चिवटपणे तोंड देतो, त्यामुळे त्यावर काम सावकाश चालते.

सर्वांत गंभीर प्रश्न धातूच्या शिणाचा, म्हणजे वारंवार भार पडून त्यात भेगा पडण्याचा, आहे. चालताना दर पावलाला खुब्याच्या दांड्यावर भार पडतो आणि टायटॅनियम खाचांच्या बाबतीत हळवे असते. खोल विवराच्या तळाशी भेग सुरू होऊ शकते. थेंबांच्या माऱ्याने पृष्ठभागाखाली दाबाचे अवशिष्ट प्रतिबल (मारा थांबल्यावरही धातूत टिकून राहणारा दाब) निर्माण होते आणि ते भेग उघडू देत नाही, ही जमेची बाजू आहे. तरीही केवळ त्यावर विसंबून बारीक, जास्त वाकणाऱ्या भागावर खोल पोत देणे योग्य ठरणार नाही. दांड्याचा वरचा रुंद भागच त्यासाठी निवडणे श्रेयस्कर. कृत्रिम सांध्याचा घासणारा गोळा आणि तो ज्यावर बसतो ती निमुळती मान गुळगुळीतच राहायला हवी. मोडलेले हाड जुळल्यावर काढून घ्यायच्या पट्ट्या व स्क्रू यांवरही असा पोत नको, कारण हाड त्यांना घट्ट धरून बसले तर ते काढताना त्याच हाडाला इजा होते.

संस्करणानंतर अर्धवट सुटलेले कण श्राव्यातीत कंपनांच्या स्वच्छतेने किंवा आम्लाने काढावे लागतात. पोत मोजण्यातही एक अडचण आहे: सुईने खडबडीतपणा मोजणाऱ्या उपकरणाची सुई वरून खाली जाते, त्यामुळे तोंडाशी अरुंद असलेल्या विवरांची आतली रुंदी तिला कळत नाही. हाडाला पकड देणारा नेमका हाच भाग पाहण्यासाठी नमुना आडवा कापून इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली तपासतात.