साठवण वलयातील रेडिओ-वारंवारता नियंत्रण

साठवण वलयात, म्हणजे चुंबकांनी इलेक्ट्रॉन वळवत ठेवणाऱ्या निर्वात नळीच्या कड्यात, तासन्‌तास फिरणाऱ्या इलेक्ट्रॉनांची खर्च होणारी ऊर्जा कॅव्हिटीतील (रेडिओ लहरी साठवणाऱ्या धातूच्या पोकळीतील) विद्युत् क्षेत्र भरून काढते. त्या क्षेत्राचा आयाम (लहरीची उंची), फेज (लहरीची वेळ) आणि कॅव्हिटीचे ट्यूनिंग (तिची नैसर्गिक वारंवारता) ठरल्या मर्यादेत राखणारी यंत्रणा म्हणजे रेडिओ-वारंवारता नियंत्रण. इंदूरच्या राजा रामण्णा प्रगत तंत्रज्ञान केंद्रातील इंडस-२ हे तिचे भारतातील ठळक उदाहरण.

इंडस-२चा परिघ १७२.४७ मीटर, इलेक्ट्रॉन त्यात सेकंदाला सुमारे १७.४ लाख फेऱ्या मारतात. कॅव्हिटीची वारंवारता याच्या २९१ पट, म्हणजे ५०५.८ मेगाहर्ट्झ असल्याने वलयात जास्तीत जास्त २९१ इलेक्ट्रॉन-पुंजके मावतात. २.५ गिगा-इलेक्ट्रॉनव्होल्टला प्रत्येक इलेक्ट्रॉन फेरीमागे सुमारे ६२० किलो-इलेक्ट्रॉनव्होल्ट प्रारणात गमावतो. बीम (इलेक्ट्रॉनांचा झोत) वलयात शिरतो तो मात्र ५५० मेगा-इलेक्ट्रॉनव्होल्टला, आणि तिथे हा खर्च जेमतेम दीड किलो-इलेक्ट्रॉनव्होल्ट असतो, कारण तो ऊर्जेच्या चौथ्या घाताने वाढतो. ही दोन्ही टोके एकाच नियंत्रकाला सांभाळावी लागतात.

निसर्गाची एक मोठी मदत इथे मिळते. जास्त ऊर्जेचा इलेक्ट्रॉन लांबच्या मार्गाने जातो, कॅव्हिटीत उशिरा पोहोचतो आणि उतरत्या व्होल्टेजमुळे त्याला कमी ऊर्जा मिळते. हे फेज-स्थिरतेचे तत्त्व सोव्हिएत भौतिकशास्त्रज्ञ वेक्सलर यांनी १९४४ साली आणि अमेरिकी भौतिकशास्त्रज्ञ मॅकमिलन यांनी १९४५ साली स्वतंत्रपणे मांडले.

खरी कसोटी बीमच घेतो. पुंजके कॅव्हिटीतून जाताना स्वतःचे व्होल्टेज उमटवतात आणि बीमचा प्रवाह वाढला की कॅव्हिटीला शक्ती पुरवणाऱ्या अॅम्प्लिफायरला कॅव्हिटी ट्यूनिंगबाहेर गेल्यासारखी भासते. त्यामुळे निव्वळ रिकाम्या कॅव्हिटीवर नियंत्रक बसवणे पुरत नाही. कॅव्हिटी आणि बीम ही एकच प्रणाली धरून रचना करावी लागते. ट्यूनिंगचे नियंत्रण-वर्तुळ (मोजून सतत दुरुस्ती करणारी साखळी) आत जाणाऱ्या लहरीची आणि कॅव्हिटीतून घेतलेल्या संकेताची फेज ताडून मोटरने कॅव्हिटीचा आकार किंचित बदलते. इलेक्ट्रॉन वलयात कॅव्हिटीची नैसर्गिक वारंवारता चालक वारंवारतेच्या (अॅम्प्लिफायर पुरवतो त्या लहरीच्या वारंवारतेच्या) खाली ठेवतात. ती वर गेली तर रॉबिन्सन अस्थिरता (पुंजक्यांची आंदोलने आपोआप वाढत जाणे) उफाळून बीम जाऊ शकतो. तांब्याच्या कॅव्हिटीचे तापमान १ अंशाने वाढले तरी वारंवारता सुमारे ८ किलोहर्ट्झने उतरते, म्हणून थंड पाण्याचे नियंत्रणही रचनेचाच भाग ठरते.

आयाम आणि फेजची वर्तुळे याहून कितीतरी चपळ असतात. आधुनिक रचनेत कॅव्हिटीचा संकेत कमी वारंवारतेवर उतरवून त्याचे अंकीय नमुने घेतात आणि दुरुस्तीचे गणित एफपीजीएवर (अंतर्गत जोडण्या हव्या तशा बदलता येणाऱ्या अंकीय चिपवर) होते. निर्वात बिघडला किंवा परावर्तित शक्ती वाढली, तर इंटरलॉक (सुरक्षेसाठी आपोआप बंद करणारी व्यवस्था) चालक संकेत तोडतो. कॅव्हिटींतील क्षेत्र नाहीसे झाले, की पूर्ण ऊर्जेचा बीम क्षणार्धात नष्ट होतो.